पाण्यातल्या लाकडाचं वजन

१

अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांचे काटे तपासले. वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, काट्यावर आपली पितळी वजनं ठेवायची, काटा खरं बोलला तर शिक्का मारायचा, खोटं बोलला तर उचलून न्यायचा. माणसांपेक्षा काट्यांशी माझं बरं जमलं. निवृत्त होताना इतरांना घड्याळ देतात, मला खात्याने शंभर किलोचा, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा दिला. तो स्वयंपाकघराच्या दाराशी असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला लागतो.

माझा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चारचौघांत तो हमखास सांगायचा, "हिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा हिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, त्रेसष्ट. मी होतो एकसष्ट. पण हिच्यापुढे बोलणार कोण? गुपचूप दोन किलो वाढवले."

यंदा त्यातलं बरंचसं वजन आतड्याच्या दुखण्याने नेलं. सर्जनने पोट दाबून पाहिलं, कागद चाळले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. खराब तुकडा कापून काढावा लागेल, पण इतक्या अशक्त माणसाला भूल द्यायची जोखीम ते घेणार नाहीत. "बावन्न किलो करून आणा. पाच आठवडे आहेत. त्यानंतर कापून उपयोग नाही."

घरी आल्यावर मी त्याला आमच्या काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो सहाशे ग्रॅम. आकडा कागदावर लिहिला, कागद फ्रीजला चिकटवला, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

त्याची खाट पुढच्या खोलीत, त्याच्या तीन फुटी फिशटँकला लागून टाकली. टँकमध्ये एखादं लाकूड हवं म्हणून तो दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. पाण्यात वर्षानुवर्षं पडून गुळगुळीत झालेलं मूळ किंवा फांदी असते, तसं. पाणी चहासारखं होतं म्हणून मीच आडवी येत होते. आता त्याने चंद्र मागितला असता तरी मी शिडी शोधायला गेले असते. दुसऱ्या दिवशी मी माशांच्या दुकानात गेले.

२

दुकानदाराला सगळे मामा म्हणतात. त्याने मागच्या खोलीतून एक लाकूड आणलं. हातभर लांब, मधे जाड, टोकाला तीन फाटे. कोरडं होतं, पण हाताला गार लागलं.

"घासून घ्या, पण साबण लावू नका. साबण लाकडात मुरतो आणि मासे मरतात," मामा म्हणाला. "नखाने दाबून बघा. नख रुतलं तर आतून कुजलंय समजा आणि परत आणा. मग उकळा. मग पंधरा दिवस पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला. रंग उतरेल. पाणी पिऊन पिऊन जड होईल आणि एक दिवस आपोआप तळाला बसेल. घाई केलीत तर टँकमधे उसळी मारून वर येईल आणि काच फोडेल."

नख रुतलं नाही, नखच दुमडलं. घरी आणून ब्रशने घासलं, सवयीने काट्यावर ठेवलं. तीन किलो चारशे वीस ग्रॅम. फ्रीजवरच्या कागदावर नवऱ्याच्या आकड्याशेजारी तेही लिहिलं. जड व्हायला किती दिवस लागतात ते कळायला आधीचा आकडा हवाच.

उकळायला घरातलं सर्वांत मोठं पातेलं काढलं. ते सासूबाईंचं. त्या एक्क्याऐंशीच्या आहेत, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"माझ्या पातेल्यात ओंडके शिजवतेस? नवऱ्याला काय वाढणार आहेस, भुसा?"

"आई, शिजू दे," तो खाटेवरून म्हणाला. "नाकापेक्षा मोती जड झालाय, थोडा नरम तरी होईल."

फाटे पातेल्यात मावेनात. तासाभराने उलटं करून दुसरी बाजू उकळली. पाणी गर्द तपकिरी झालं, ते मोरीत ओतलं. मग लाकूड कपडे धुण्याच्या टबात पाण्यात ठेवलं आणि तरंगू नये म्हणून वर दगड ठेवला. टबावर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "खातं सुटलं, खोड सुटली नाही."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं वजन केलं. एकशे चाळीस ग्रॅम वाढलं होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, जमतंय."

"पाणी प्यालोय," तो म्हणाला. "पण शिक्का मारणार असशील तर मारून घे."

मग टबातलं लाकूड काढून निथळवलं आणि काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे ऐंशी. एक रात्र पाण्यात राहिलेलं लाकूड एकशे चाळीस ग्रॅमने हलकं झालं होतं.

मी पितळी वजनं आणली. पाच किलो ठेवलं, काट्याने पाच दाखवलं. दहा ठेवलं, दहा. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. काटा चोख होता. म्हटलं, उकळल्यामुळे साल आणि माती सुटली असेल, रंग उतरला म्हणजे वजनही उतरणारच. टबातलं पाणी पातळ फडक्यातून गाळलं, फडकं वाळवून जोखलं. दोन ग्रॅम गाळ निघाला. पाण्याची पातळी रेघेवरच होती.

तिसऱ्या दिवशी लाकूड तीन किलो एकशे साठ भरलं. नवरा अठ्ठेचाळीस किलो आठशे साठ. तो जेवला होता अर्धी वाटी भात आणि दोन चमचे दूध, त्यातलंही थोडं ओकला होता. पण वजन वाढतंय म्हटल्यावर तोंडात आलेला प्रश्न मी गिळला.

मामाला फोन करून विचारलं, "लाकूड पाण्यात ठेवल्यावर हलकं होतं का?"

"कसं होईल, ताई? स्पंज पाण्यात हलका होतो का?" तो हसला. "काटा तपासून घ्या."

मला कोणीतरी काटा तपासायला सांगायची ती आयुष्यातली पहिली वेळ.

४

नवव्या दिवशी सकाळी दूध काढायला फ्रीज उघडणार तेवढ्यात माझी नजर त्या कागदावर गेली. एका रांगेत माणूस, दुसऱ्या रांगेत लाकूड. दोन्ही मिळून पहिल्या दिवशी बावन्न किलो वीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी बावन्न किलो वीस. आज लाकूड दोन किलो पाचशे दहा, नवरा एकोणपन्नास किलो पाचशे दहा. बेरीज बावन्न किलो वीस.

मी नऊच्या नऊ ओळी पुन्हा केल्या. एकाही ओळीत दहा ग्रॅमचा फरक नव्हता. माणूस घोटभर पाणी प्यायला तर फरक पडतो, लाकडावरून चार थेंब ओघळले तर पडतो. अठ्ठावीस वर्षांत दोन वेगळ्या वस्तू इतक्या इमानदारीने वागताना मी पाहिल्या नव्हत्या. पाहिल्या असत्या तर दुकानदाराला आत घेऊन विचारपूस केली असती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी स्वतःला बजावलं. घरात आजारी माणूस असला की डोकं नको तिथे धावतं. योगायोगाने आकडे जुळतात. आणि समजा जुळत असतील, तर मला काय हवंय? मला बावन्न हवेत. मी दूध काढलं आणि फ्रीज लावला. कागदाचा लाकडाकडचा भाग मात्र मागे दुमडून ठेवला.

५

पंधराव्या दिवशी लाकूड टँकमध्ये सोडलं. आपोआप बुडायचा प्रश्नच नव्हता, ते आधीपेक्षा वर तरंगत होतं. मग मामाने सांगितलेला दुसरा उपाय केला. फरशीच्या तुकड्याला दोन भोकं पाडली आणि खालून न गंजणारे स्क्रू घालून लाकूड त्यावर घट्ट बसवलं. स्क्रू लाकडात लोण्यात गेल्यासारखे गेले. पहिल्या दिवशी ज्यावर माझं नख दुमडलं होतं, त्यावर आता बोट टेकवलं तरी खळगा पडत होता. नियमाप्रमाणे ते परत करायला हवं होतं.

नळीने टँकमधलं एक तृतीयांश पाणी काढलं. फरशी वाळूत पुरली. फाटे काचेला टेकू दिले नाहीत. मागे मासा अडकू नये म्हणून चार बोटं जागा सोडली. पाणी परत हळूहळू भरलं. नवरा खाटेवरून सूचना देत होता, "थोडं डावीकडे. अजून. हां." मग म्हणाला, "छान."

एवढंच. पूर्वी मी भिंतीला खिळा मारला तरी तो त्यावर दहा मिनिटं टिंगल करायचा.

मामाने सांगून ठेवलं होतं की आठवड्याभरात लाकडावर पांढरा, सायीसारखा थर येईल. घाबरायचं नाही, नव्या लाकडावर तो येतोच. मासे आणि गोगलगायी तो आवडीने खातात, मग आपोआप नाहीसा होतो. मी रोज पाहत होते. आमच्या लाकडावर काहीही आलं नाही. मासे त्याच्याजवळ फिरकत नसत. ते सगळे टँकच्या एका कडेला, काचेला तोंड लावून असत. त्या कडेला खाट होती.

६

त्याचं दुखणं थांबलं. पोटाला शेक नको, गोळी नको, रात्रीचं कण्हणं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बरं आहे." भूक लागली का, "नाही." झोप झाली का, "हो." उशीला टेकून टँककडे बघत बसायचा. मी मुद्दाम चुकीचं बोलून बघितलं. त्याच्या लाडक्या पाटीला, जिच्यासाठी तो तीन दिवस शिडीवर होता, मी भिकार म्हटलं. तो म्हणाला, "असेल."

वजन पन्नास किलो नऊशे. सर्जनना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले. मीही खूश होते. खोटं का बोलू, रोज सकाळी त्या आकड्यासाठीच मी उठत होते.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्याला खुर्चीत बसवून अंग पुसून देत होते. कोमट पाण्याची बादली, मऊ टॉवेल. पाठ पुसली, टॉवेल बादलीत पिळला. हात पुसले, पिळला. तिसऱ्यांदा टॉवेल बुडवताना मला माझाच हात दिसेना. बादलीतलं पाणी तपकिरी झालं होतं.

आमचे नळ जुने आहेत. मी पेला भरून उजेडात धरला. पाणी स्वच्छ होतं. बादली बदलली, पुन्हा पुसलं. या वेळी रंग जरा फिका होता. टॉवेलला मळाचा कण नव्हता. त्याची कातडी गुळगुळीत, कोरडी आणि गार होती. मी दोन्ही बादल्या मोरीत ओतल्या आणि त्याला सदरा घातला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या. त्या रोज दोनदा लेकाच्या डोक्यावरून हात फिरवायला जात. दोन दिवस गेल्या नव्हत्या.

"त्याच्या डोक्याला वास येत नाही," त्या म्हणाल्या.

"आंघोळ घातलीय, आई."

"आंघोळीने जाणारा वास नव्हे तो. पाळण्यात होता तेव्हापासूनचा आहे. साठ वर्षं हुंगतेय मी. आता नाही." मग स्टीलच्या डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाल्या, "त्या लाकडाला येतोय."

मी म्हणाले, "काहीतरीच तुमचं." पण त्या गेल्यावर टँकचं झाकण उचललं, बाही वर केली, हात घालून लाकडाला चोळला आणि नाकाशी धरला. मी नवऱ्याशेजारी एकतीस वर्षं झोपले आहे. सासूबाईंचं नाक शाबूत होतं.

७

तपासणीला आठ दिवस उरले होते. मी औषधं आणायला बाहेर गेले आणि रांगेत दोन तास अडकले. परत आले तर पुढच्या खोलीतून त्याचा आवाज येत होता.

"निरीक्षकबाई, आलात? इतका वेळ कुठे होतात, केमिस्टचा काटा पकडलात की काय?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तो उशीवर अर्धवट उठून बसला होता. चेहरा वेदनेने पिळवटलेला, कपाळावर घाम, डोळे जिवंत. मी जवळ बसले आणि कपाळाला हात लावला. गरम होतं. घामाचा वास होता, त्याचा.

"दुखतंय?"

"जीव जातोय," तो म्हणाला, आणि हसला. "मी किती दिवस आजारी आहे गं? मला वाटत होतं तुम्ही दोघी काठावर उभ्या राहून बोलताय. मला ऐकू येतंय, पण तुम्हाला उत्तर द्यायचं म्हणजे एवढं लांब कोण येणार."

मी टँककडे पाहिलं. वाळूत खड्डा होता, लाकूड नव्हतं. सासूबाई मागच्या गच्चीत स्टुलावर बसल्या होत्या. समोर उन्हात, वर्तमानपत्रावर, फरशीसकट लाकूड.

"मीच काढलं," त्या म्हणाल्या. टँकमधे हात घालून ते काढताना त्यांचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. ते गुडघे घेऊन त्यांनी हे कसं केलं असेल, देव जाणे. "बोलतोय ना आता?"

"बोलतोय."

मी स्क्रू काढून लाकूड काट्यावर ठेवलं. ते उन्हात वाळत होतं, तरी सकाळच्या हिशेबाने असायला हवं त्यापेक्षा तीनशे दहा ग्रॅमने जड होतं. मग नवऱ्याला धरून आणलं. काट्यावर तो माझ्या खांद्याला धरून उभा राहिला, आणि उतरताना म्हणाला, "बोल, किती कापलेस?" तीनशे दहा ग्रॅम.

ती दुपार आणि संध्याकाळ मी त्याच्याजवळून हलले नाही. तो कण्हत होता, ओकत होता, आणि मधेमधे माझी टर उडवत होता. आईला त्याने पातेल्यावरून चिडवलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी गोळी पुढे केली तर म्हणाला, "थांब जरा. दुखतंय तर निदान माझं मला दुखतंय."

त्याचं बोट माझ्या मुठीत धरून मी विचार केला. लाकूड उन्हात राहिलं तर आठ दिवसांत तो पन्नासच्या खाली येईल. मग सर्जन हात लावणार नाहीत. मग हा असाच, हसत, टर उडवत, माझ्या डोळ्यांदेखत जाईल. फार तर दोन महिने. लाकूड पाण्यात गेलं तर तो जगेल. कोण जगेल, हा प्रश्न मी पुढे नेला नाही. मला विधवा व्हायचं नव्हतं, एवढं मला त्या वेळी स्वच्छ कळत होतं.

तो ग्लानीत गेल्यावर मी स्क्रू पुन्हा बसवले आणि लाकूड टँकमध्ये ठेवलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

८

दोन दिवसांनी, भर दुपारी, मी कपडे वाळत घालून आत आले. खाट रिकामी होती. तो टँकसमोर स्टुलावर पाठमोरा बसला होता. काचेचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात. सदऱ्याची बाही फुगून तरंगत होती.

"अरे, गार पाणी आहे," मी म्हणाले.

तो वळला नाही. मी बाजूने पुढे झाले आणि काचेतून पाहिलं.

कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या हातावर पांढरा, सायीसारखा थर होता. सगळे मासे तिथे होते. लहान केशरी मासे बोटांच्या मधून ये-जा करत टोचे मारत होते. काच चाटणारा काळा मासा मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे डॉक्टर नाडी बघतात तिथे, तोंड चिकटवून होता. दोन गोगलगायी दंडावरून शांतपणे वर चढत होत्या. त्यांच्या मागे पुसल्यासारखी स्वच्छ वाट पडत होती, आणि त्या वाटेत जे दिसलं त्याला कातडी म्हणता येईल असं मला वाटत नाही. त्यावर बारीक, सरळ, एकाशेजारी एक रेघा होत्या.

मी पाण्यात हात घालून त्याचा दंड धरला आणि अंगठ्याच्या नखाने दाबला. जोर लावून दाबला. नख दुमडलं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बरं आहे."

मी त्याचा हात बाहेर काढला, टॉवेलने कोरडा केला, त्याला खाटेवर निजवलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग टँकचं झाकण लावलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. बराच वेळ मळत राहिले.

९

तपासणीच्या सकाळी टँकमध्ये लाकूड नव्हतं. वाळूत फरशी होती आणि फरशीवर दोन स्क्रू उभे होते. पाणी नितळ होतं.

इस्पितळाच्या काट्याने बावन्न किलो दाखवलं. तो काटा वीस ग्रॅम कमी दाखवतो, हे मला माहीत होतं. सर्जनने माझ्याशी हात मिळवला. "कमाल केलीत. असा पेशंट मी पहिल्यांदा पाहतोय." दुसऱ्या दिवशीची वेळ ठरली. संमतीच्या कागदावर सही घेताना नर्सने विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

"नवरा," मी म्हणाले. तिने मान वर करून पाहिलं. मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला असणार.

चार तास लागतील म्हणाले होते. दीड तासात सर्जन बाहेर आले. टोपी काढून हातात धरली आणि माझ्याशेजारच्या बाकावर बसले. सर्जन सहसा बसत नाहीत.

"झालं," ते म्हणाले. "खराब तुकडा काढला. उत्तम झालं. रक्ताच्या चार बाटल्या तयार ठेवल्या होत्या. एकही लागली नाही."

"बरं झालं."

"म्हणजे, आमचा कापूसही..." ते थांबले. आपल्या हातांकडे पाहिलं, पालथे केले, पुन्हा सुलटे केले. ते कोरडे आणि स्वच्छ होते. "सत्तावीस वर्षं हे काम करतोय. आत सगळं नीट आहे. फार नीट आहे." मग त्यांनी घसा साफ केला आणि आवाज नेहमीसारखा केला. "आता आतड्याची टोकं तात्पुरती पोटावर काढली आहेत. दहा आठवड्यांनी ती जोडायची. ते ऑपरेशन मोठं आहे. तेव्हा मात्र मला पंचावन्न किलो लागतील. यातलं अर्धवट सोडता येत नाही, हे लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. ते गेल्यावर मला हायसं वाटलं. भीतीही वाटली, पण आधी हायसं वाटलं, ते मी लपवणार नाही.

१०

घरी आणल्यावर त्याचं वजन एक्कावन्न किलो पाचशे वीस भरलं. जखम आठवड्यात सुकली. तो खाटेवर बसतो, विचारलं तर बोलतो, दुखत नाही म्हणतो. भरल्या घरातही कोणाला काही वेगळं वाटणार नाही. भेटायला येणारे म्हणतात, चेहऱ्यावर काय समाधान आहे बघा.

काल सकाळी मी चपला घालत होते. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"कुठे निघालीस?"

"जरा काम आहे."

त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र केली, मग पुन्हा वेगळी करायला घेतली. "त्याला हाक मारायला माझी जीभ रेटत नाही," त्या म्हणाल्या. "पण रात्री दाराआडून श्वास ऐकू आला की झोप लागते मला. जा. ऊन व्हायच्या आत जा."

दुकानात मामा एका गिऱ्हाइकाला जाळी देत होता. मला पाहून त्याने विचारलं, "काय ताई, कसं वाटलं लाकूड? मुरलं का?"

"मुरलं. आणखी एक हवंय."

"वा. टँक भरला पाहिजे." तो मागच्या खोलीकडे वळला. "लांबी किती काढू? हातभर, की दीड हात?"

"लांबी कितीही चालेल," मी म्हणाले. "साडेतीन किलोचं द्या."

तो हसला. "लाकूड वजनावर कोणी घेत नाही, ताई."

मी त्याच्या गल्ल्याशेजारचा काटा पुढे ओढला आणि पिशवीतून माझी पितळी वजनं काढून त्यावर ठेवू लागले.